ग्राफ्ट धरू दे, पांडुरंगा

पांडुरंगा, तुझ्याकडं कुणी पाऊस मागतं, कुणी लेकरू मागतं, कुणी सुखाचं मरण मागतं. मी आठ-नऊ मिलिमीटर जाडीच्या एका पट्ट्यासाठी हात जोडते आहे. मांडीच्या मागच्या बाजूनं काढलेला, घडी घालून चौपदरी केलेला आणि हाडात पाडलेल्या दोन बोगद्यांतून गुडघ्यात ओवलेला ग्राफ्ट. सर्जननं आपलं काम केलं आहे. मांडीच्या हाडाकडं छोटं बटण अडकवलं, नडगीकडं स्क्रू पिळला, दुर्बिणीतून आत बघत ताण तपासला, टाके घातले. इथून पुढं त्या गुडघ्यात जे घडायचं आहे, ते कुणाच्या हातानं घडत नाही. ते तू घडवतोस, म्हणून हे मागणं थेट तुझ्याकडं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोल्हापूर भागात माझ्याकडं येतात त्या कबड्डी आणि खो-खोच्या पोरी, तालमीतली मुलं, पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं. गुडघ्यातलं पुढचं क्रुशिएट लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते बहुतेकांचं कुणी न मारताच तुटलेलं असतं. उडी मारून खाली येताना. पळता पळता एकदम दिशा बदलताना. चढाईतून परत फिरताना पाय मॅटवर रुतला आणि अंग मात्र वळलं, अशा क्षणी. ‘कट्’ असा आवाज आला, असं सांगतात. मग सूज येते, काही आठवड्यांत उतरते, माणूस चालायला लागतो, घरचे म्हणतात बरं झालं. आणि एक दिवस जिना उतरताना गुडघा सटकतो. त्या एका सटकण्यानं त्या पोरांच्या चेहऱ्यावरचा विश्वास कसा जातो, ते तू पाहतोसच.

देवा, हे लिगामेंट तू इतकं लहान का केलंस मला माहीत नाही, पण ते ज्या कौशल्यानं घडवलंस ते बघून डोकं तुझ्या पायांवर जातं. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. नडगीचं हाड पुढं सरकू देत नाही, पायाचं वळणं आवरून धरतं. तरुण माणसाचं निरोगी एसीएल तोडायला सुमारे २,१६० न्यूटन जोर लागतो, असं १९९१मध्ये मोजलं गेलं. म्हणजे दोनशे किलोंहून जास्त वजन टांगावं तेवढा. आणि नुसतं बळच नव्हे. त्याच्या आत तू मज्जातंतूंची टोकं पेरलीस. गुडघा किती वाकला, किती वळला, ही खबर ती डोळे मिटलेले असतानाही वर पोचवत राहतात.

एवढं सगळं दिलंस, पण तुटल्यावर आपोआप भरून येण्याची सोय मात्र त्याला फारशी दिली नाहीस. कातडी फाटली तर रक्ताची गुठळी होते आणि त्या गुठळीवरच नवी ऊती चढते. गुडघ्याच्या आतल्या वंगणाच्या पाण्यात ती गुठळी टिकत नाही, विरघळते. तुटलेली दोन टोकं समोरासमोर असून बहुतेक वेळा एकमेकांना भेटत नाहीत. बोस्टनच्या मार्था मरे यांनी याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलं: कोलॅजनचा एक स्पंज, त्यात रुग्णाचंच रक्त, तो दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे गुठळीला टिकायला जागा. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते माझ्या गावातल्या पोरीपर्यंत पोचायला अवकाश आहे. पण जिथं तू दार बंद ठेवलंस असं वाटलं, तिथं ज्यांना कडी शोधायची बुद्धी दिलीस, त्यांच्यासाठी मी तुझे आभार मानते.

आभार आणखीही मागच्यांसाठी मानायचे आहेत. १८९५मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराची तुटलेली दोन्ही क्रुशिएट लिगामेंटं कॅटगटच्या धाग्यानं शिवली, आणि तो माणूस पुन्हा कामावर गेला. १९१७मध्ये ब्रिस्टलच्या हे-ग्रोव्ह्ज यांनी शिवत न बसता मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी बोगद्यातून ओढून नवं लिगामेंट उभं केलं. पुढं एक काळ असा आला की माणसाला वाटलं, शरीरातून काही घ्यायलाच नको. १९८०च्या दशकात कार्बन, डॅक्रॉन, गोअर-टेक्स अशा धाग्यांची लिगामेंटं बसवली गेली. ती सुरुवातीला भक्कम होती, पण पुढं त्यातली पुष्कळ झिजली, तुटली, गुडघे सुजले. कारण त्यांच्यात जीव येत नव्हता. जे झिजेल ते पुन्हा भरायला आतून कुणी नव्हतं. त्या रुग्णांनी जे सोसलं त्यातूनच आम्ही शिकलो की ग्राफ्ट जिवंत व्हावा लागतो. त्यांचं दुःख वाया गेलं नाही असं माझ्या मनात आहे, तुझ्याही असू दे.

जिवंत व्हावा लागतो, असं मी म्हणते, कारण आत ठेवला तेव्हा तो जिवंत नसतो. हे मी रुग्णांना सांगते तेव्हा ते दचकतात. मांडीतून काढताक्षणी त्या शिरेचा, म्हणजे कंडरेचा, रक्तपुरवठा तुटलेला असतो. आत बसवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिच्यातल्या मूळच्या पेशी मरतात. उरतो तो कोलॅजनचा सांगाडा. मग भोवतालच्या आवरणातून, हाडातून, बारीक रक्तवाहिन्या तिच्याकडं सरकू लागतात. त्यांच्यामागून नव्या पेशी येतात. त्या पेशी जुने तंतू मोडतात आणि नवे विणतात. या मोडण्या-विणण्याच्या काळात ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा होतो. पुढं महिन्यांमागून महिने जातात आणि मांडीची शीर हळूहळू लिगामेंटसारखी वागायला शिकते. १९८६मध्ये सॅन दिएगोच्या एमिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या गुडघ्यात हे बदलणं टिपलं. सशांत ते काही महिन्यांत दिसतं. माणसांच्या गुडघ्यातून घेतलेल्या तुकड्यांनी पुढं दाखवलं की माणसाला याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. काहींत वर्ष, काहींत त्याहूनही अधिक.

गगनबावड्याकडं आषाढात रोपलागण होते तेव्हा तरव्यातलं हिरवंगार रोप उपटून चिखलात रोवतात. दोन दिवसांत ते पिवळं पडतं, माना टाकतं. नवख्याला वाटतं, गेलं. जुना शेतकरी बांधावरून नुसता बघतो, पाणी राखतो, आणि गुरं आत शिरणार नाहीत एवढं पाहतो. मुळं नव्या चिखलात सुटली की रोप आपोआप उभं राहतं. पांडुरंगा, आम्हाला त्या शेतकऱ्याची नजर दे. त्या पिवळ्या दिवसांत रोप हलवून, उपटून बघायचा मोह आम्हाला होऊ देऊ नकोस.

आता बोगद्याबद्दल मागते. मधला भाग जिवंत झाला आणि दोन्ही टोकांना हाडानं धरलंच नाही, तर काय उपयोग? ज्यांच्या वाटीखालची पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घेतली, त्यांचं हाडाला हाड जुळतं, ते सहा-आठ आठवड्यांत बऱ्यापैकी होतं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगच्या मऊ शिरेला हाडानं धरायचं, हे काम सावकाश चालतं. १९९३मध्ये अमेरिकेत स्कॉट रोडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या पायात हाडाला बोगदा पाडून त्यातून शीर नेली आणि ठरावीक आठवड्यांनी ती ओढून पाहिली. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्याला ती बोगद्यातून निसटून बाहेर आली. बाराव्या आणि सव्विसाव्या आठवड्याला मात्र बोगद्यानं ती सोडली नाही. सुटायचं तर ती पकडीतून सुटली किंवा मधेच तुटली. सूक्ष्मदर्शकाखाली शिरेतून हाडात शिरणारे कोलॅजनचे तंतू दिसले, स्कॉटलंडचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम शार्पी यांच्या नावानं ओळखले जाणारे. मी रोज ज्या विश्वासानं ‘अजून बारा आठवडे जपायचं’ असं सांगते, त्या विश्वासामागं ती कुत्री आहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. देवा, तुझ्या दारी माणसांच्या आधी त्यांना बसायला जागा दे.

तुझी मूळ जोडणी कशी असते हे मला शिकवलं गेलं तेव्हा मी थक्क झाले होते, अजूनही आहे. लिगामेंट, मग कूर्चेचा थर, मग चुना मुरलेल्या कूर्चेचा थर, मग हाड. मऊपासून कठीणपर्यंत पायरीपायरीनं, म्हणजे ताण कुठल्याच एका ठिकाणी तुटून पडू नये. आम्ही बोगद्यात शीर बसवतो तेव्हा तिच्याभोवती जी ऊती तयार होते, ती या चार थरांसारखी सहसा होत नाही. ती व्रणाची ऊती असते. तंतूंनी धरलेली, कामापुरती चांगली, पण तू केलेली नव्हे. जगभर कितीतरी लोक प्रयोगशाळांत रात्री जागून हेच शोधताहेत: ती पायरी पुन्हा कशी घडवावी, तिथल्या पेशींना काय सांगावं म्हणजे त्या व्रण न करता कूर्चा करतील. कुणी वाढीची प्रथिनं देऊन बघतं, कुणी मूळ पेशी, कुणी तुटलेल्या लिगामेंटचा उरलेला बुंधा काढून न टाकता त्याच्या आतूनच ग्राफ्ट नेतं, म्हणजे त्याच्या रक्तवाहिन्या कामी याव्यात. त्यांना दिशा दे. त्यांचा एखादा प्रयोग फसला तर तोही प्रामाणिकपणे लिहायचं धैर्य दे, कारण आमच्यासारखे दूरवर बसून त्यांच्या लिहिण्यावरच चालतात.

आता मुख्य मागणं. हे एकच ऐकलंस आणि बाकीचं विसरलास तरी चालेल.

शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिन्यांनी माझा रुग्ण बरा होतो. निदान त्याला तसं वाटतं. कुबड्या सुटलेल्या असतात, सूज गेलेली, दुखणं नाहीसं झालेलं, जिना चढता येतो, गाडी मारता येते. टाक्यांची जागा सुकलेली बघून घरचे नवस फेडून येतात. आणि नेमक्या त्याच काळात आत ग्राफ्ट सगळ्यात हळवा असतो. जुन्या पेशी गेलेल्या, नव्या अजून बस्तान बसवताहेत, तंतू अर्धे मोडलेले, बोगद्यात पकड कच्ची. दुखणं हा तू दिलेला राखणदार आहे, पण या राखणदाराला ग्राफ्टच्या कच्चेपणाची खबर नाही. गुडघा दुखत नाही म्हणून माणूस पळून बघतो. मित्र म्हणतात, एकच डाव खेळ. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो आणि नाव पुकारलं जातं. मी दिवसातून तास-दीड तास त्याच्यासोबत असते, बाकीचा वेळ तो एकटा असतो, आपल्या तरुण रक्तासोबत. त्या वेळी तू त्याच्याजवळ राहा. जिथं त्याला दुखत नाही तिथं तू त्याला जाणवून दे. पायाखाली शेणाचा चिखल असेल तिथं त्याचं पाऊल जपून पडू दे, बसमध्ये चढताना गर्दीनं ढकललं तर आधाराचा दांडा हाताला लागू दे, झोपेत उठून अंधारात बाथरूमला जाताना दिवा लावायची आठवण दे.

मात्र पूर्ण जपून ठेवण्याचंही वरदान मी मागत नाही. गुडघा प्लास्टरमध्ये बांधून महिनोन् महिने ठेवायचा तो काळ गेला, आणि गेला ते बरं झालं. ताणच मिळाला नाही तर तंतूंना कुठल्या दिशेनं विणायचं ते कळत नाही, हाड विरळ होतं, मांडी सुकते. फार ताण, फार लवकर मिळाला तर ग्राफ्ट बोगद्यात हलत राहतो, गुडघ्याचं पाणी त्या फटीत शिरतं आणि बोगदा रुंदावतो. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की पहिल्या दिवसापासून ताण देण्यापेक्षा काही दिवस थांबून मग मोजका ताण दिला तर हाडानं शीर जास्त चांगली धरली. मोजका म्हणजे किती? प्रत्येक गुडघ्याचं उत्तर वेगळं. शेतात बारा तास राबणाऱ्या बाईचं वेगळं, सोळा वर्षांच्या पोराचं वेगळं. ते माप माझ्या हातात दे, देवा. सकाळी गुडघा कोमट आहे की गरम, सूज वाटीच्या कडेला किंचित वाढली आहे का, काल दिलेला व्यायाम आज अंगावर आला का, हे माझ्या बोटांना चुकू देऊ नकोस. घाईच्या दिवशी बाहेर रांग असताना तर मुळीच नको.

पहिल्या आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होऊ दे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पोटरी अधांतरी ठेवायची, इतकं साधं काम, पण ते कंटाळवाणं आहे आणि दुखतं, म्हणून लोक उशी गुडघ्याखाली घेऊन झोपतात. त्यांच्या आयांना तूच सांग की प्रेमानं ठेवलेली ती उशी काढून घ्या. मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर जागा होत नाही. रुग्ण म्हणतो, मी जोर लावतोय, आणि स्नायू हलतच नाही. मेंदूनं सुजलेल्या गुडघ्याला जपण्यासाठीच तो बंद केलेला असतो. तो पहिल्यांदा थरथरतो तो दिवस प्रत्येकाच्या वाट्याला लवकर येऊ दे. आणि ज्यांना मांडी घालून जेवायला बसायची, पंगतीत बसायची, वारीत चालायची आस आहे, त्यांना ‘नंतर’ या शब्दाचा राग येऊ देऊ नकोस.

तंबाखूबद्दल बोलते. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि ग्राफ्टची सगळी भिस्त त्या बारीक वाहिन्यांवर आहे. सिगारेटच नव्हे, खिशातली पुडीही आणि सकाळची मिश्रीही. ज्यांना ती सोडायची आहे त्यांच्या बाजूनं तू उभा राहा. ज्यांना नाही, त्यांना निदान हे वर्षभर तरी आवर घालू दे. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांची ताब्यात येऊ दे. झोप दे, मोबाईल बाजूला ठेवून मिळते ती गाढ झोप. ताटात डाळ, अंडं, दूध, जे परवडेल आणि चालेल ते भरपूर दे. तालमीतल्या पोरांच्या थंडाईची मला काळजी नाही. ज्या मुलीला घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवतात तिच्या ताटाची आहे.

दुःखात असलेल्या माणसाला काहीही विकता येतं, हे तुला नव्यानं सांगायला नको. आता ग्राफ्ट लवकर जुळावा म्हणून रक्तातल्या प्लेटलेट्सची इंजेक्शनं आहेत, पेशींची इंजेक्शनं आहेत. त्यातलं काही उद्या खरोखर उपयोगी ठरेल, माझीही तशी आशा आहे. पण आज त्यांचे पुरावे एका सुरात बोलत नाहीत. एका अभ्यासात फायदा दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. म्हणून ज्यानं ऑपरेशनसाठी आधीच म्हैस विकली आहे, त्याला दुसरी विकायला लागू नये. जो डॉक्टर हे स्पष्ट सांगतो आणि त्यामुळं स्वतःचं उत्पन्न कमी करून घेतो, त्याच्या घरात तू बरकत दे.

सर्जनच्या हातांसाठीही मागते. मांडीच्या हाडातला बोगदा मूळ लिगामेंटच्या जागेपासून थोडा जरी सरकला, तरी पुढचा माझा सगळा व्यायाम त्या चुकीच्या जागेभोवतीच फिरणार. त्या क्षणी त्यांचं लक्ष ढळू देऊ नकोस. ग्राफ्ट आत घालण्याआधी व्हँकोमायसिनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवायची एक साधी रीत आली आहे, आणि तिच्यामुळं गुडघ्यात पू होण्याचं प्रमाण ठळकपणे उतरलं आहे. स्वस्त, काही मिनिटांची गोष्ट. अशा साध्या गोष्टी आणखी सुचव. मोठ्या यंत्रांपेक्षा त्यांचा लाभ आमच्या तालुक्याच्या गावात आधी पोचतो.

एका गोष्टीसाठी मात्र काही मागायचं नाही, नुसता नमस्कार करायचा आहे. ग्राफ्टसाठी मांडीतून सेमीटेंडिनोसस ही शीर काढून घेतो. ती गेली असं आम्ही धरून चालतो. आणि तू बहुतेकांत ती पुन्हा उगवून आणतोस! काही महिन्यांनी एमआरआयमध्ये रिकाम्या जागेतून गुडघ्याकडं उतरत आलेली नवी शीर दिसते. तंतोतंत पहिल्यासारखी नसते, कधी थोडी वर चिकटते, बळही जरा कमी भरतं, पण शीर असते. आम्ही उसनं घेतलं आणि तू परत भरलंस, आम्ही न मागता. मी ज्या दिवशी थकलेली असते त्या दिवशी हे आठवते.

खाशाबा जाधवांची आठवण या भागात कुणाच्या मनातून जात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या, १९५६च्या ऑलिंपिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीनं अडवली. त्या काळात दुर्बिणीनं गुडघ्याच्या आत शिरून नवं लिगामेंट उभं करायची सोयच नव्हती. आणि कुस्तीपटू विनेश फोगाट: २०१६मध्ये रिओच्या मॅटवरून तिला स्ट्रेचरवर न्यावं लागलं, ऑगस्ट २०२३मध्ये मुंबईत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसमध्ये ती लढत लढत अंतिम फेरीपर्यंत पोचली. त्यानंतर वजनावरून जे झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे; मी गुडघ्याची माणूस, मी फक्त ते वर्ष बघते. त्या वर्षातली न दिसणारी प्रत्येक सकाळ बघते. आमच्या पोरी तिचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवतात आणि विचारतात, ताई, मलाही जमेल ना? तिनं किती काळ थांबून, किती राबून ते मिळवलं, हेही त्या व्हिडिओसोबत त्यांना दिसू दे.

थांबण्याचे आकडे माझ्याकडं आहेत. नॉर्वेतल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की शस्त्रक्रियेनंतर खेळाकडं परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा इजा होण्याची शक्यता निम्म्यानं कमी होत गेली. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा पंचविशीच्या आतले जे खेळात परतले, त्यांच्यातल्या सुमारे २३ टक्क्यांचं एसीएल पुन्हा तुटलेलं होतं. कधी तेच, कधी दुसऱ्या पायाचं. चारातलं जवळजवळ एक पोर. हे आकडे मी पालकांपुढं ठेवते. ते मान हलवतात. पण जिल्हा निवड चाचणीची तारीख आकड्यांना जुमानत नाही, भरतीची जाहिरात कुणाच्या ग्राफ्टसाठी थांबत नाही, आणि वयाची अट एका वर्षानं संपते तेव्हा त्या पोराला नऊ महिने म्हणजे काय वाटतं, हे मला कळतं. म्हणून मी नुसता धीर मागत नाही. ज्यांच्या हातात त्या तारखा आहेत, त्यांच्या मनात जखमी पोरांसाठी एक वर्षाची सवलत ठेवण्याचा विचार घाल.

ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही, त्यांना विसरू नकोस. पैसा नव्हता, किंवा कुणी सांगितलं नाही, किंवा मुलीच्या गुडघ्यावर खर्च कशाला असं घरात ठरलं. त्यातल्या काहींचा गुडघा नुसत्या व्यायामानं चांगला चालतो, ऑपरेशनची गरजच पडत नाही. त्यांना ती वाट दाखवणारं कुणी भेटू दे. ज्यांचा सटकत राहतो आणि दर सटकण्याला आतली कूर्चेची गादी थोडी थोडी फाटते, त्यांच्यापर्यंत आम्हाला वेळेत पोचव.

उद्या सकाळी एक मुलगी येणार आहे. कबड्डी खेळते, उजवा कोपरा सांभाळते, घोटा पकडण्यात तिच्यासारखी तालुक्यात दुसरी नाही. शस्त्रक्रियेला सात महिने होत आलेत. एका पायावर उडी मारायची चाचणी घेतली तेव्हा ऑपरेशन झालेला पाय अजून दुसऱ्या पायाच्या बराच मागं होता, आणि खाली येताना गुडघा आत कलत होता. ती रोज न चुकता व्यायाम करते, यात तिचा काही दोष नाही. आतलं काम अजून चालू आहे, एवढंच. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. तिचे सर सोबत येणार आहेत, आणि वडीलही, एका दिवसाचा रोज बुडवून. मला त्यांना सांगायचं आहे की अजून नाही. हे सांगताना माझ्या आवाजात कठोरपणा नको, आणि इतका मऊपणाही नको की त्यांना वाटावं थोडं आग्रहानं बोललं तर ताई मानतील. सरांना माझं बोलणं अपमानाचं वाटू देऊ नकोस. त्यांनी या पोरीला घडवलंय. वडिलांना रोज बुडाल्याचं वाईट वाटू देऊ नकोस. आणि ती रडेल, देवा, मला माहीत आहे ती रडेल. तिला रडू दे, मग डोळे पुसून टेबलावर बसू दे, आणि आम्हा दोघींना उद्याचा व्यायाम सुरू करू दे.